आग्नेय कोपरा

रोमन सैनिकांनी रचलेला मातीचा एक कोपरा मेंढ्या, पाऊस आणि बर्फ यांच्यापुढे जवळजवळ एकोणीसशे वर्षं टिकला. गिरीश मोहोळकर यांच्यापुढे तो एक दुपारही टिकला नाही.

गिरीश हे आमच्या भागातल्या ‘अंगण’ या मराठी मंडळाचे अध्यक्ष. बर्मिंगहॅममधल्या एका वित्तसंस्थेत ते ‘चेंज’ बघतात. म्हणजे नक्की काय करतात हे मला सहा वर्षांत कळलेलं नाही. त्यांनी एकशे बेचाळीस गड पाहिले आहेत हे मात्र पहिल्या भेटीतच कळलं; काही लोक नावामागे डिग्री सांगतात तसे ते हा आकडा सांगतात. किल्ला हा शब्द ते वापरत नाहीत. गड. शनिवारी भाजी आणायलाही ते नऊ खिशांची ट्रेकिंग पँट घालून जातात.

माझं काम जमीन न खणता तिच्या आत काय आहे ते मोजण्याचं. भूभौतिकी मी पुण्यात शिकले, पुढे ग्लासगोला, आणि आता एका छोट्या कंपनीतर्फे पुरातत्त्वाच्या जागांची चुंबकीय मोजणी करते. मंडळात याबद्दल फारसं कुणाला माहीत नव्हतं आणि मला ते सोयीचं होतं. पण गेल्या सप्टेंबरात ‘आपल्यातलेच एक्स्पर्ट’ नावाच्या कार्यक्रमात मी बोलावं असा आग्रह गिरीशच्या बायकोने, मालविकाने, धरला. मालविका मला आवडते. मी हो म्हटलं.

शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. त्यातल्या अर्ध्यांचं लक्ष मागच्या टेबलावरच्या बटाटेवड्यांकडे होतं, उरलेल्यांचं फोनकडे. मी रोमन सैन्याच्या सराव छावण्यांवर बोलले. मिड वेल्समधल्या एका गायरानावर, इथे त्याला कॉमन म्हणतात, अशा बारा छावण्या आहेत. प्रत्येक जेमतेम पंचवीस-तीस मीटर लांबरुंद. गुडघ्याएवढाही उंच नाही असा मातीचा बांध, बाहेरून उथळ चर, आणि दारासमोर थोडं अंतर सोडून एक आखूड आडवा बांध. त्यांत कुणी राहिलं नाही, कुणी लढलं नाही. जवळच्या ठाण्यातले शिपाई इथे आणले जात, बांध घालायला शिकत आणि परत जात. सरळ भिंत कुणालाही घालता येते. अवघड असतात ते कोपरे आणि दारं. म्हणून या छावण्यांत सरळ भिंत जवळजवळ नाहीच. एक कोपरा संपतो तोवर दार येतं आणि दार संपतं तोवर पुढचा कोपरा. काही कोपरे सुबक वळले आहेत, काही सरळसरळ फसले आहेत. एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी चुकलं आणि ती चूक आजही सेंटिमीटरमध्ये मोजता येते.

याहून सुंदर गोष्टी मी फार पाहिलेल्या नाहीत. ते बोलून दाखवलं नाही. त्याऐवजी, लोकांना पटकन समजावं म्हणून, ‘दिवाळीत मुलं किल्ला करतात ना, तसं समजा,’ असं म्हटलं. गवतासकट कापलेल्या मातीच्या विटेला टर्फ म्हणतात. रोमन टर्फचं माप साधारण पंचेचाळीस बाय तीस सेंटिमीटर, हेही सांगितलं. आणि सवयीने स्लाइडवर जागेचा नकाशातला आकडा दिला, दहा मीटरपर्यंत अचूक.

मग प्रश्न. एका गृहस्थांनी विचारलं, रोमन लोक शाकाहारी होते का. एका बाईंनी विचारलं, जवळ पार्किंग आहे का. आणखी दोन-तीन प्रश्न आले. मी एकेका वाक्यात उत्तरं दिली आणि लॅपटॉप बंद केला.

या मार्चमध्ये त्याच गायरानावर मोजणीचं काम आमच्या कंपनीला मिळालं. मी आणि गॅरेथ गेलो. गॅरेथ साठीचा, वेल्सचाच. तो खुंट्या ठोकतो, दोऱ्या ताणतो, मेंढपाळांशी गप्पा मारतो, आणि मी यंत्र घेऊन ओळीत चालते. छावण्या कायद्याने संरक्षित आहेत. तिथे यंत्र घेऊन फिरायलाही लेखी परवानगी लागते, आणि आमची परवानगी फक्त फिरण्याची होती. खुरपं लावायचीही नाही.

यंत्र फार हळवं असतं. अंगावर लोखंड चालत नाही. झिप नाही, हुक नाही, बुटाला खिळा नाही. नाडीची पँट आणि रबरी बूट घालून, सेकंदाला एक मीटर अशा चालीने मी पहिल्या दिवशी चार छावण्या केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचव्या छावणीच्या आग्नेय कोपऱ्याशी पोचले, आणि कोपरा नव्हता.

बांध दोन्ही बाजूंनी नीट येत होता. मग चारेक मीटर सपाट जमीन. चरही भरलेला. वर विरळ गवत आणि मेंढ्यांच्या लेंड्या.

‘ससे,’ गॅरेथ म्हणाला. ‘सशांनी पोखरलं, मेंढ्यांनी तुडवलं, बाकीचं हिवाळ्याने केलं. फॉर्मवर प्राण्यांचा रकाना आहे, तिथे टाक.’

मी त्या सपाट भागावरून चालले आणि आकडे पडद्यावर घेतले. अर्धगोलात अकरा ठिपके दिसले, एकमेकांपासून हातभर अंतरावर, लहान पण तीव्र. भाजलेल्या मातीत चुंबकत्व राहतं. मातीचं भांडं भट्टीतून काढून थंड होताना ते त्यात बसतं आणि नंतर कधी जात नाही. सराव छावणीत मात्र भाजलेलं काही सापडत नाही. तिथे कुणी चूलही पेटवत नसे.

‘भट्ट्या असतील?’ गॅरेथने विचारलं.

‘बशीएवढ्या अकरा भट्ट्या?’

मी गुडघ्यांवर बसून गवत नुसतं बाजूला केलं. मातीतून एक कड वर आली होती. कडेला सोनेरी रंग होता आणि त्यात चिकटवलेला टिकलीएवढा आरसा.

गॅरेथ माझ्या खांद्यावरून वाकला. ‘दिवा आहे का हा?’

‘दिवाच आहे.’

‘रोमन?’

‘नाही. वेम्बलीचं इंडियन मार्केट.’

शेजारी मातीचा एक काप अजून शाबूत होता, सरळ धारेचा. मी पट्टी लावली. लांबी पंचेचाळीस सेंटिमीटर. रुंदी तीस. ससे इतकं लक्ष देऊन भाषण ऐकत नाहीत.

‘अंगण’चा व्हॉट्सॲप ग्रुप मी दीड वर्षापूर्वी म्यूट केला होता. संध्याकाळी आमच्या मुक्कामाच्या खोलीत बसून ऑक्टोबरपर्यंत मागे जायला मला वीस मिनिटं लागली. वाटेत सुप्रभातची फुलं होती, प्लंबरचे नंबर होते, कुणाच्या तरी कढीपत्त्याच्या रोपाची तब्येत होती. मग शाळांची हाफ टर्मची, सत्राच्या मधली, सुट्टी आली. मंडळाने मुलांसाठी तीन दिवसांचं ‘गड-संस्कार शिबिर’ घेतलं होतं, त्या गायरानापासून दोन मैलांवरच्या हॉस्टेलमध्ये. दोनशे चौदा फोटो. फोटोंच्या मध्ये अध्यक्षांचे संदेश.

‘मित्रहो! हाच तो रोमन गड. कोपरा फारच वीक निघाला. आपल्या छोट्या मावळ्यांनी तिथे दणदणीत बुरूज उभारून दिला!’

पुढच्या फोटोत बुरूज होता. बांधाची चार मीटर माती कापून, कोपऱ्यावर रचून, वर भगव्या कागदाची पताका. त्याच्या पुढच्या फोटोत बुरुजाभोवती पणत्या. आणि दुसऱ्या दिवशीचा संदेश: ‘निघताना सगळं लेव्हल केलं, चरसुद्धा बुजवला म्हणजे मेंढ्यांचे पाय मुरगळायला नकोत. लीव्ह नो ट्रेस! पणत्यांचे तुकडे इको-फ्रेंडली आहेत, मातीत माती.’ खाली सत्तेचाळीस टाळ्या.

एका फोटोत गिरीश एकटे होते. फावडं जमिनीत रोवलेलं, एक पाय कापलेल्या बांधावर, छाती पुढे.

मी त्यांना पणतीचा फोटो पाठवला आणि विचारलं, हे तुमचं का. लगेच उत्तर आलं: ‘अरे वा ताई!! सापडली का! मुलं खूश होतील.’

मग मी लिहिलं की ही जागा संरक्षित स्मारक आहे, तिथे खणणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि मला अहवालात झालेलं नुकसान लिहावं लागेल. दोन निळ्या खुणा उमटल्या.

अर्ध्या तासाने मालविकाचा फोन आला.

‘श्यामला, तू कुठे आहेस? हा नुसता घरभर फेऱ्या मारतोय. अगं, त्याचं सिटिझनशिपचं होम ऑफिसात अडकलंय, माहितीये ना तुला? डिसेंबरात अर्ज गेलाय, बायोमेट्रिक्स झालंय. त्यात गुड कॅरेक्टर बघतात. गुन्हा नोंदला तर संपलंच. अकरा वर्षं झाली गं आम्हाला इथे.’

‘मला माहीत आहे.’

‘मग तू नुसतं लिही ना काहीतरी. प्राणी वगैरे. तुझ्याकडे तसा काहीतरी कॉलम असेलच.’

‘आहे,’ मी म्हटलं.

‘मग?’

मी म्हटलं की उद्या मोजणी संपवून विचार करते. खोटं होतं, विचार करण्यासारखं काही नव्हतं. रकाना होता, गॅरेथने तो स्वतः सुचवला होता, आणि त्या रकान्यात खूण केली असती तर जगात कुणाला काही कळलं नसतं. मला कळलं असतं. आणि आकडे होते.

सकाळी साडेनऊला गिरीश स्वतः आले. गाडी वाटेवर लावून ते उतारावरून चढत होते. नऊ खिशांची पँट, पुढे पोलादाची टोकं असलेले बूट, खांद्यावर हिरव्या लॉनचा गुंडाळलेला रोल. गार्डन सेंटरमध्ये मिळतो तो. ते सहा-सात मीटरवर आले आणि माझ्या यंत्रातले आकडे उधळले.

‘तिथेच थांबा,’ मी ओरडून सांगितलं. ‘तुमच्या बुटांत लोखंड आहे.’

‘अहो ताई, पण बोलायचंय.’

‘तिथून बोला.’

तर आम्ही तसे बोललो. मी यंत्र धरून, ते सहा-सात मीटरवर लॉन खांद्यावर घेऊन.

‘गाडीत असे चौदा रोल आहेत,’ ते म्हणाले. ‘दुपारपर्यंत कोपरा होता तसा करून देतो. स्पिरिट लेव्हल पण आणलीय. तुम्ही फक्त शेप सांगा.’

‘एक रोल जरी टाकलात तर तो दुसरा गुन्हा होईल.’

‘म्हणजे बिघडवला तरी गुन्हा, दुरुस्त केला तरी गुन्हा! कमाल आहे. अहो, माती इकडची तिकडे केली हो. बाहेर कुठे नेली का? सगळी इथेच आहे.’

‘मूर्ती फोडली तरी दगड देवळातच असतो, गिरीश.’

त्यांचा आवाज बदलला. मंडळाच्या सभेत विरोधकांची समजूत काढतात तो.

‘बघा ताई, गड म्हटलं की माझ्याइतकी श्रद्धा कुणाला नसेल. पण हा गड होता का? तुम्हीच म्हणालात, सराव. म्हणजे रफ वही. शिपाई शिकले, गेले. रफ वहीत आपल्या मुलांनी चार ओळी जास्त लिहिल्या तर एवढं आकाश कोसळतं?’

‘खरे किल्ले रोमन लोकांनी शेकड्यांनी बांधले. शिकताना काय चुकले ते अशा थोड्या जागांवरच दिसतं. या कोपऱ्याचं वळण चुकलं होतं. मी त्याचे आकडे घेणार होते.’

‘तेच तर आम्ही सुधारलं!’

एकशे बेचाळीस किल्ले पाहून माणसाच्या डोक्यात काय उरतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

गॅरेथ खुंट्यांची पिशवी घेऊन वर येत होता. गिरीशनी लगेच इंग्रजीत तोंडभर नमस्कार केला, हवा छान आहे म्हणाले, आपण कम्युनिटी लीडर असल्याचं सांगितलं. गॅरेथने लॉनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो पिशवीत काहीतरी शोधायला लागला.

मग गिरीश मराठीत, आवाज खाली आणून म्हणाले, ‘आणि एक सांगू का? मी विचारलं होतं.’

‘काय?’

‘तुमच्या भाषणानंतर. मी उभं राहून विचारलं, मुलांना घेऊन तिथे जाऊन काही ॲक्टिव्हिटी केली तर चालेल का? तुम्ही काय म्हणालात आठवतंय?’

आठवत होतं. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. पार्किंगचा प्रश्न नुकताच झाला होता आणि मला घरी जायचं होतं. मी मान वर न करता म्हटलं होतं, ‘जा की. गवताशिवाय काय आहे तिथे.’

मला ती माणसं समजावून सांगण्याच्या लायकीची वाटली नव्हती. ती जागा संरक्षित आहे, हात लावू नका, हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. ते मी वाचवलं.

‘म्हणालात ना?’ गिरीश म्हणाले.

‘म्हणाले.’

‘मग झालं तर!’ त्यांनी लॉनचा रोल खाली ठेवला. चेहऱ्यावर एकदम रंग आला. ‘म्हणजे हे आपल्या दोघांमधलं आहे. मी तुमचं नाव घेणार नाही, तुम्ही माझं घेऊ नका. ससे म्हणा, मेंढ्या म्हणा.’

‘रोल उचला,’ मी म्हटलं. ‘माझी अजून नऊ ओळींची मोजणी राहिली आहे.’

ते गेले. जाताना चौदापैकी एकही रोल त्यांनी टाकला नाही, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडून ईमेल आली. ‘सजेस्टेड वर्डिंग’ म्हणून एक परिच्छेद होता, प्राण्यांचा रकाना मला पसंत नसला तर वापरायला. त्यात लिहिलं होतं की शिबिरातल्या काही मुलांनी, मोठ्यांची नजर चुकवून, उत्साहाच्या भरात बांध उकरला. हे लक्षात येताच अध्यक्षांनी ताबडतोब हस्तक्षेप करून जागा पूर्ववत केली. मुलं सात ते बारा वर्षांची होती. फोटोत ती घमेल्याने माती वाहत होती आणि कडेला गिरीश हात लांब करून दिशा दाखवत होते. सजेस्टेड वर्डिंगच्या खाली शुद्धलेखन तपासून मिळावं अशी विनंती होती.

तोपर्यंत मला थोडी धाकधूक होती, हे कबूल करते. अकरा वर्षं म्हणजे अकरा वर्षं. मालविकाचं काही चुकलं नव्हतं. पण तो परिच्छेद वाचल्यावर त्याच दुपारी मी अहवाल पुरा केला.

नुकसानीचा भाग दहा ओळींचा झाला. बांधाची किती लांबी गेली, किती घनमीटर माती हलवली, चर किती भरला, पणत्यांचे ठिपके कुठे आहेत. काम हत्यारांनी, प्रौढ व्यक्तीच्या देखरेखीखाली झालं. कधी झालं ते तारखेसह. व्यक्तीचं नाव छापील अहवालात येत नाही. ते मी स्मारक खात्याला वेगळ्या पत्रात दिलं.

मग शेवटची ओळ. वेल्समध्ये नुसतं ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही. तुम्ही माहिती काढण्याचा प्रयत्न केला होता का, हे बघतात. गिरीशनी प्रयत्न केला होता. एका तज्ज्ञ बाईला विचारलं होतं. ती ओळ गाळली असती तर त्यांच्या पायाखाली काहीही उरलं नसतं, आणि मला ते दृश्य पाहायला आवडलं असतं. मी लिहिलं: ‘जागेचा नेमका पत्ता प्रस्तुत लेखिकेने एका सार्वजनिक भाषणात दिला होता. तिथे उपक्रम करता येईल का असं विचारल्यावर तिने होकार दिला आणि जागा संरक्षित असल्याचं सांगितलं नाही.’

गॅरेथने मसुदा वाचला. ‘हे वाक्य त्याच्या उपयोगाला येईल. तुझ्या नाही.’

‘माहीत आहे.’

‘बॉस विचारेल.’

‘विचारू दे.’

अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी मी तो भाग गिरीशना पाठवला. त्यांना अचानक कळू नये म्हणून. दहा मिनिटांत फोन.

‘ताई! शेवटचं वाक्य वाचलं. डोळ्यांत पाणी आलं हो. स्वतःवर घेतलंत. मी मालविकाला म्हटलंच होतं, आपलं माणूस ते आपलंच. माझा सॉलिसिटर म्हणतो, एवढं वाक्य असेल तर बरंच काही करता येईल.’

‘वरच्या दहा ओळी वाचल्यात का?’

‘वाचतो ना. टेक्निकल आहे सगळं.’

‘पान सात बघा. आकृती चार.’

कळांचा आवाज आला.

‘यात मी आहे,’ गिरीश म्हणाले. ‘फावडं घेऊन.’

‘चेहरा झाकलाय.’

‘अहो, पण पँट! मंडळात सगळे ओळखतील. मुलांचे आईबाप ओळखतील. हाच फोटो का? मुलांचे होते ना इतके.’

‘मुलांचे वापरणार नाही. आणि यात कापलेला बांध स्पष्ट दिसतो. फक्त मोजपट्टी नाही. फोटोत मोजपट्टी नसली की उंची काढता येत नाही, म्हणून शेजारी उभ्या माणसाची उंची लिहावी लागते.’

‘म्हणजे?’

‘तुमची उंची किती?’

फोनवर मागे मालविका विचारत होती, काय झालं, काय म्हणतेय ती.

‘पाच आठ,’ ते अखेर म्हणाले.

‘सेंटिमीटरमध्ये सांगा. बुटांसकट.’

‘एकशे शहात्तर असेल,’ गिरीश म्हणाले. मी लिहून घेतलं.